वारेचं गाडगं

माझ्या निरोपसमारंभाला तालुक्याहून एक साहेब आले होते. माईकवर ते म्हणाले, "या सिस्टरांनी आपल्या भागातली घरची बाळंतपणं बंद केली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि मान खाली घालून बसले. मान खाली घातली की लोकांना तो विनय वाटतो, हे सरकारी नोकरीत फार उपयोगाचं असतं. बंद कशी केली, हे साहेबांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की कुंभाराच्या गाडग्यांनी केली. मग ती गाडगी पुढं मीच कशी बंद केली आणि त्यात कोण गेलं, तेही सांगावं लागलं असतं. समारंभात असलं बोलत नाहीत, म्हणून इथं लिहिते.

मी मूळची मुरुडची. नर्सिंग लातूरला शिकले. पहिली नेमणूक बिलोलीकडं झाली. तिथल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका मला अम्मा म्हणायच्या आणि मला अजून पंचविशीही लागली नव्हती. पण नोकरीचा मोठा काळ गेला तो हिमायतनगर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून मला सणावाराला फोन करतात, आणि हे वाचल्यावरही त्यांनी करावा अशी माझी इच्छा आहे.

मी हजर झाले तेव्हा डॉक्टरची जागा रिकामी होती. पुढंही बरीच वर्षं ती असून नसल्यासारखीच होती. डॉक्टर यायचे, हजर व्हायचे आणि दुसऱ्या दिवसापासून बदलीच्या खटपटीला लागायचे. केंद्र मीच चालवायचे. बाळंतपणाच्या खोलीत एक लोखंडी टेबल होतं, त्यावर ब्लीचिंग पावडरच्या गोण्या रचलेल्या. मी गोण्या हलवल्या, टेबल घासलं, त्याला रंग दिला आणि वाट बघत बसले. एखादी अडलेली बाई सोडली तर कुणी आलं नाही.

मग घरोघर फिरले. जचकी, म्हणजे बाळंतपण, दवाखान्यातच करा म्हणून सांगायचे. बायका मोठ्या अदबीनं ऐकायच्या. चहा द्यायच्या. "हाव सिस्टर, येताव की," म्हणायच्या. आणि पाचव्या दिवशी कळायचं, की अमक्याच्या सुनेला मुलगा झाला, घरीच. का आला नाहीत विचारलं की उत्तरं तयार असायची. गाडी मिळाली नाही. कळा एकदम आल्या. मालक शेतात होते. मी ती सगळी उत्तरं खरी मानून वहीत लिहायचे आणि वरचे साहेब ती वही बघून गाडीची सोय करायचं आश्वासन द्यायचे.

शहरातल्या लोकांना वाटतं, घरी की दवाखान्यात हे ठरवायला घरातली माणसं एकत्र बसत असतील, बाईला विचारत असतील. मी इतक्या वर्षांत असं एकदाही बघितलं नाही. जिच्या पोटात दुखतंय तिला कुणी काही विचारत नाही. ठरवते सासू, आणि तेही कळा येतात त्या दिवशी नाही. ते दोन-तीन महिने आधीच ठरलेलं असतं. ठरतं अशा एखाद्या बारीक गोष्टीवर, जी आमच्या भिंतीवरच्या एकाही पोस्टरवर नसते.

दवाखान्याचा आग्रह कशासाठी, तेही थोडक्यात सांगते. बहुतेक बाळंतपणं आपोआप होतात. आमचं काम अवघड आहे ते याचमुळं. घरी सुखरूप सुटलेल्या बाया गावभर हिंडत असतात, त्यांच्यापुढं माझं बोलणं फिकं पडतं. जिचं बिघडतं ती काही सांगायला उरत नाही. आणि बिघडतं ते पुष्कळदा बाळ आल्यानंतर. बाळ रडलं, घर मोकळं झालं, पेढे आणायला माणूस गेला, आणि इकडं वार अडकते. वार म्हणजे नाळ जिला जोडलेली असते तो पोटातला मांसाचा गोळा. बाळामागून तो सबंध बाहेर पडावा लागतो. एखादा तुकडा आत राहिला तर गर्भाशय आवळत नाही आणि रक्त थांबत नाही. अशा वेळी इंजेक्शन, सलाईन आणि दारात गाडी पाहिजे. वेळ फार नसतो.

आणि गंमत बघा, गाव माझ्याकडं येत नव्हतं तेही या वारेपायीच.

हे मला गंगामावशीनं सांगितलं. गंगामावशी गावची सुईण. वरून मला सांगण्यात आलं होतं, की सुईण ही आपल्या कामातली अडचण आहे, तिला समजावून सांगा. प्रत्यक्षात माझ्या बाकड्यावर येऊन बसणारी ती गावातली एकटीच बाई होती. हात मोठे, आवाज फाटका, तंबाखूची सवय. एका दुपारी चहा पिता पिता तिनं विचारलं, "सिस्टर, तुमी वार कुठं टाकता?"

"मागच्या खड्ड्यात."

"कुत्रे उकरतेत तिथं."

"मग?"

"मग काय मग? कोन येईल तुमच्याकडं जचकीला?"

मग तिनं सांगितलं ते असं. वार घरातच पुरायची. न्हाणीच्या कोपऱ्यात खड्डा करून, मीठ आणि हळद घालून, वर दगड ठेवून. बाळ-बाळंतिणीला त्याच जागेवर न्हाऊ घालायचं, पाचवीची पूजाही तिथंच मांडायची. ती वार कुत्र्यानं ओढली किंवा कुणाच्या हाती लागली, तर आईचं दूध आटतं आणि लेकरू टिकत नाही. गावातल्या प्रत्येक सासूला हे ठाऊक होतं आणि माझ्या खड्ड्यावरची कुत्री प्रत्येकीनं बघितली होती. मला मात्र कुणी बोललं नाही, कारण मी शिकलेली, हसेन म्हणून.

आणि मी हसलेच. मग मुरुडच्या आमच्या न्हाणीतला एक सपाट दगड आठवला. त्यावर पाय द्यायला आई आम्हाला का ओरडायची, ते मला त्या दिवशी कळलं.

"द्या की त्यांची त्यांना," गंगामावशी म्हणाली. "तुमाला कुठं लोनचं घालायचंय?"

तिनंच कुंभाराकडून झाकणाची गाडगी आणवली. आमचा व्यवहार ठरला. जचकी माझ्या टेबलावर, पण गंगामावशी आत, बाईच्या डोक्याशी. वार पडली की मी ती पसरून नीट तपासणार, सबंध आहे ना बघणार, गाडग्यात घालून वर फडकं बांधून आजीच्या हातात देणार. पुढचे बारा दिवस न्हाऊ घालायचा मान मावशीचा. पहिली बाई आली ती मावशीच्या नात्यातलीच. तिची सासू पदराखाली गाडगं धरून भर रस्त्यानं घरी गेली. आठवडाभरात सगळ्या गावाला कळलं. मग माझ्या त्या टेबलाला विश्रांती मिळाली नाही.

नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली. एक निवृत्त गुरुजी होते, अंधश्रद्धेवर गावोगाव व्याख्यानं द्यायचे. त्यांच्या सुनेची जचकी झाली. गुरुजी माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. म्हणाले, "आमच्या मंडळींचा हट्ट आहे. गाडगं लोकांच्या डोळ्यावर येतं." मी डबा भरून दिला. संध्याकाळी त्यांचं पारावर व्याख्यान होतं.

एकदा एकाच सकाळी दोघी सुटल्या, दोघींना मुलगे. दोन्ही गाडगी मी खिडकीत ठेवली, ओळखायला एकावर खडूनं रेघ ओढली. झाडणाऱ्या बाईनं गाडगी ओल्या फडक्यानं पुसून काढली. दोन्ही आज्या हात पुढं करून उभ्या. कुणाचं कुठलं, हे मला देवाशपथ माहीत नव्हतं. मी क्षणाचाही वेळ न लावता एक उचललं आणि म्हणाले, "हे तुमचं." दुसरं दुसरीला. आज त्यातला एक पोलीस भरतीची तयारी करतोय आणि दुसऱ्याचं हळदीचं दुकान आहे. दोघंही रेड्यासारखे धडधाकट. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं. आपण काही वाईट करत नाही, लोकांचं समाधान आपल्याला फुकटात पडतंय, असं वाटायचं.

अशी वर्षं गेली. घरची जचकी हा शब्दच गावातून गेला. आमच्या केंद्राचं नाव झालं, दुसऱ्या केंद्रांच्या नर्सा बघायला यायच्या. त्यांना मी आरोग्य शिक्षण, गृहभेटी असलं काहीबाही सांगायचे. गाडग्यांचं सांगायचे नाही. मला लाज वाटायची. ही लाज लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते तिच्यामुळं झालं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हाला एक डॉक्टर मिळाले. तरुण, पश्चिमेकडच्या शहरातले, आणि चक्क राहणारे. क्वार्टरला बिऱ्हाड केलं. हाक मारली की यायचे, बाईला टाके स्वतः घालायचे, माझ्याशी "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारून बोलायचे. इतक्या वर्षांत मला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळं उत्तर द्यायची सवयच नव्हती.

त्याच सुमाराला कचऱ्याचे नियम कडक झाले. सुया एका डब्यात, बाटल्या दुसऱ्यात, आणि शरीरातून निघालेलं सगळं, वारेसकट, पिवळ्या पिशवीत. केंद्राला मानांकन मिळायचं होतं, त्याची तपासणी करायला पथक येणार होतं. डॉक्टर सगळं केंद्र फिरून बघत होते. बाळंतपणाच्या खोलीच्या खिडकीत त्यांच्या नजरेत तीन रिकामी गाडगी पहिल्यांदाच भरली.

"हे काय आहे, सिस्टर?"

हीच ती वेळ होती. मला सांगता आलं असतं, की सर, या केंद्राचं नाव या गाडग्यांवर उभं आहे. पण समोर एमबीबीएस झालेला मुलगा उभा, आणि मी इतक्या वर्षांची अनुभवी सिस्टर. ती वार लोक घरात पुरतात आणि मी त्यांना बांधून देते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी म्हणाले, "गावातल्या बायका ठेवून गेल्यात, सर. वारेसाठी. ऐकत नाहीत."

"असं चालणार नाही. बंद करा."

"हो सर."

एवढंच. मेमो नाही, धमकी नाही, आवाजही चढवला नाही. गाडगी मी परसात नेऊन ठेवली. गंगामावशीला सांगितलं, नियम आलाय. ती तंबाखू थुंकून म्हणाली, "नियम आला म्हनजी बाया जातील." मी तिच्यावर चिडले. आता लोक सुधारलेत, मोबाइल आलेत, असं काहीतरी बोलले.

आता अनुसया.

जवळच्या वाडीतल्या कौसाबाईची ती सून. नवरा बालाजी, बारावी झालेला, दोन एकर हळद आणि बाकी वेळ दुसऱ्यांच्या शेतात मजुरी. अनुसयाचं पहिलं बाळंतपण शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात झालं होतं. तेव्हा तिला खूप रक्त गेलं, बाटली चढवावी लागली, ती कशीबशी वाचली. मूल नऊ दिवसांचं होऊन गेलं. माझ्या लेखी या हकिकतीचा अर्थ एकच होता. या बाईला पुन्हा रक्त जाऊ शकतं, हिची जचकी घरी होता कामा नये. कौसाबाईच्या लेखी अर्थ वेगळा होता. त्या दवाखान्यात त्यांनी वार मागितली होती आणि तिथल्या माणसानं ती बादलीत टाकून नेली होती. लेकरू त्यानंच गेलं.

अनुसयाला पुन्हा दिवस गेले तेव्हा कौसाबाई मला म्हणाली, "यावेळी घरीच. मला दवाखान्याचा भरोसा न्हाई." मी तीनदा त्यांच्या घरी गेले. गाडगी तेव्हा चालू होती. शेवटी मी म्हणाले, "मावशी, वार मी माझ्या हातानं तुमच्या पदरात घालीन. मग तर झालं?"

"लेकराची आन घ्या."

मी माझ्या मुलाची आण घेतली. अनुसया चुलीपुढं बसली होती. ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली.

पुढं ते "हो सर" झालं. अनुसयाला तेव्हा आठवा सरत आला होता. कौसाबाई केंद्रात आली, हातात नवंकोरं गाडगं. स्वतः निवडून, वाजवून आणलेलं. "आधीच ठिवून जाते म्हनलं, ऐन येळंला गडबड नगं."

मी म्हणाले, "मावशी, आता नाही देता यायचं. नवे साहेब आलेत. त्यांना लई सांगून बघितलं, ऐकत नाहीत."

सांगून बघितलं नव्हतं. एका अक्षरानंही नव्हतं. पण ते वाक्य इतकं सहज आलं, की मलाच खरं वाटलं.

कौसाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. आणेची आठवण दिली असती तर मी कदाचित उठून शेजारच्या खोलीत डॉक्टरांकडं गेले असते. ती फक्त "बरं" म्हणाली, गाडगं उचललं आणि गेली. माझ्या अनुभवाच्या बाईला कळायला पाहिजे होतं, की जचकी कुठं करायची ते आत्ता, या "बरं"मध्ये ठरलं.

चार दिवसांनी अनुसया एकटीच आली. लोहाच्या गोळ्या संपल्या म्हणाली. गोळ्या संपल्या नव्हत्या, पिशवीत पाकीट दिसत होतं. मी पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले, चांगले होते. खालची पापणी ओढून बघितली, तिथं मात्र रक्ताचा पत्ता नाही. कपडे नीट करता करता ती म्हणाली, "सिस्टर, मला दवाखान्यातच यायचंय. मला मागल्या वक्ताचं याद हाय. लई भ्या वाटून राहिलंय."

"मग ये ना. कळा आल्या की फोन कर, मी गाडी पाठवते."

"माझ्या म्हनन्यानं काय होतं? आत्या आडून बसल्यात. तुमी देता म्हना की त्यांना. मला काय करायचंय वारेचं? पन तुमी देता म्हनलं की त्या येतेत."

"विचारते साहेबांना पुन्हा एकदा," मी म्हणाले.

"इचारा हं," ती म्हणाली. दारात वळून पुन्हा म्हणाली, "इचारा."

डॉक्टर शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. मी विचारलं नाही. त्या महिन्यात पथकाची तयारी होती, भिंतींना रंग चालला होता, रजिस्टरं लिहायची होती. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलीत, की आता पाठ झालीत. खरं कारण असं, की विचारायचं म्हणजे आधीचं खोटं उघडं करावं लागलं असतं. ती गाडगी बायकांची नव्हती, माझी होती, हे सांगावं लागलं असतं.

पथक आलं तो दिवस हळद शिजवायच्या हंगामातला. वाडीवर चुलवाणं पेटलेली, माणसं सगळी रानात. सकाळी साडेनऊला साहेब लोक उतरले. डॉक्टरांनी सगळ्यांना फोन आवाज बंद करून ठेवायला सांगितले होते, मी माझा टेबलाच्या खणात टाकला. पथकाला मी डबे दाखवले. लाल, निळा, पांढरा, पिवळा. पिवळ्या पिशवीत काय जातं, असं एका बाईंनी विचारलं. मी धडाधड सांगितलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, फार छान." पोहे झाले, चहा झाला, फोटो झाला. पथक गेलं तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. खण उघडला तर गंगामावशीचे फोनावर फोन येऊन पडलेले.

त्या घरात काय झालं ते नंतर मावशीनंच सांगितलं. पहाटेपासून कळा होत्या. कौसाबाईनं मावशीला बोलावलंच नाही, कारण मावशी दवाखान्यात घेऊन जाईल. तिनं आणि तिच्या जावेनं मिळून केलं. दहाच्या सुमाराला मुलगी झाली, खणखणीत रडली. वार पडायला उशीर लागला. पडली ती अर्धीमुर्धी. त्यांनी ती गाडग्यात घेतली आणि उरलेली पडायची वाट बघत बसल्या, कारण सबंध पुरायला पाहिजे होती. रक्त जात होतं. जचकीत रक्त जातंच, म्हणाल्या. तासाभरानं अनुसयाचे ओठ पांढरे झाले तेव्हा जाऊ घाबरून मावशीकडं पळाली. मावशीनं जाऊन बघितलं, तिचं पोट दाबून धरलं आणि वाडीवर धाडायला गडीमाणूस नव्हतं म्हणून एका हातानं मला फोन लावत राहिली.

मी आणि डॉक्टर गाडी घेऊन गेलो. घरात हळदीचा वास, गोधडी रक्तानं भिजलेली. इंजेक्शन दिलं, दोन्ही हातांना सलाईन लावलं, उचलून गाडीत घातलं. रक्त द्यायला तालुक्याच्या पुढं न्यावं लागणार होतं. डॉक्टर पुढं फोन करत होते. मी मागं, एक मूठ आतून आणि एक हात वरून, तिचं गर्भाशय दाबून धरलेलं. असंच करतात. हात सोडला की रक्त सुटतं, म्हणून सोडायचा नाही. रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला माझा हात सुटत होता.

ती शुद्धीवर होती. एकदा तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, हात दुखला असंल तुमचा," म्हणाली.

विचारलं का, असं तिनं विचारलं नाही. पोहोचायच्या आधीच गेली. मी तरी दवाखान्याच्या दारापर्यंत हात काढला नाही. शेवटी डॉक्टरांनी माझं मनगट धरून तो काढला.

पाचव्या दिवशी मी वाडीवर गेले. जायलाच पाहिजे होतं, बाळाचं वजन करायचं होतं. न्हाणीच्या कोपऱ्यात शेणानं सारवलेली गोल जागा, वर दगड, दगडावर हळद-कुंकू. कौसाबाई मांडीवर मुलीला घेऊन बसली होती, वाटी-चमच्यानं शेळीचं दूध पाजत होती. मला वाटलं, ती मला हाकलून देईल, आण मोडलीस म्हणेल. ती मला शिव्या देईल या भीतीनं मी रात्रभर झोपले नव्हते.

तिनं मुलीचं तोंड पुसलं आणि माझ्यापुढं धरलं. "बगा सिस्टर," म्हणाली, "लेकरू जगलं."

तिच्या दृष्टीनं तिचं बरोबर ठरलं होतं. पहिल्या वक्ताला वार बादलीत गेली, लेकरू गेलं. यावेळी पुरली, लेकरू जगलं. सून गेली ते तिचं नशीब. मी मुलीचं वजन केलं, ते कार्डावर लिहिलं आणि उठले.

बाळंतपणात बाई गेली की चौकशी होते. मोठा छापील फॉर्म असतो. त्यात एक प्रश्न आहे, प्रसूती घरी होण्याचं कारण. पुढं चौकटी असतात. दवाखाना लांब. वाहन मिळालं नाही. कुटुंबाचं अज्ञान. इतर. माझं अक्षर चांगलं म्हणून फॉर्म मी भरायचा होता. डॉक्टर समोर बसलेले, बालाजीला सहीसाठी बोलावलेलं. मी "कुटुंबाचं अज्ञान" या चौकटीत खूण केली. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातानं, माझ्या पेननं केली. आणि फॉर्म बालाजीपुढं सरकवला.

आमच्याकडं माणसं असे कागद वाचत नाहीत, बोट दाखवाल तिथं सही करतात. बालाजीनं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. त्या खुणेपाशी येऊन बालाजी थांबला.

"आमी अडानी हाव, ते खरं हाय," तो म्हणाला. "माय माझी ऐकतच न्हाई कुनाचं. पन सिस्टर, तुमी वार देते म्हनून आन घेतली व्हती. मंग न्हाई म्हनलात. ते कुठं लिवलंय यात?"

"कसली आण?" डॉक्टरांनी विचारलं.

मग मला सांगावं लागलं. गाडगी, गंगामावशी, इतकी वर्षं, कौसाबाई, सगळं. पाच मिनिटंही लागली नाहीत. तेव्हा खिडकीपाशी सांगितलं असतं तरी तेवढीच लागली असती.

डॉक्टर हळूच म्हणाले, "पण सिस्टर, तुम्ही मला हे बोललाच नाहीत. अशी केस आहे म्हणाला असतात तर मी स्वतःच्या हातानं दिली असती. एका गाडग्यानं काय होणार होतं?"

बालाजी माझ्याकडं बघत होता. त्याच्या आईला मी काय सांगितलं होतं ते त्याला माहीत होतं, आणि अनुसयाला काय सांगितलं होतं, तेही.

"म्हंजी तुमी सायबाला इचारलंच न्हवतं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. फॉर्म जवळ ओढला, खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, त्यावर सही केली. लेकीच्या दुधाची वेळ झाली म्हणाला आणि उठून गेला.